एवढं एक राहू द्या हो!

मराठी घरातला माळा कसा भरतो? 'राहू दे, कधीतरी लागेल' या एका वाक्याने. बंद पडलेला मिक्सर, तीन पायांची खुर्ची, जो टेपरेकॉर्डर विकून दहा वर्षं झाली त्याची वायर. घरात याचा त्रास एवढाच, की दिवाळीच्या साफसफाईत आईशी एक वार्षिक भांडण होतं. पण हेच वाक्य इंटरनेटचं स्टँडर्ड लिहिणाऱ्यांच्या तोंडी आलं, की त्याचं बिल पंधरा-वीस वर्षांनी भलतेच लोक भरतात. आणि आपण कसलं बिल भरतोय हे त्यांना कळतही नाही.

आजचा विषय आहे टीएलएस. ब्राउझरच्या पट्टीत 'एचटीटीपीएस' दिसतं ना, त्यातल्या शेवटच्या 'एस'मागचं यंत्र. नेट बँकिंग, रेल्वेचं तिकीट, हापिसचा मेल, सगळं यातूनच जातं. १९९५ मध्ये नेटस्केपने एसएसएल २.० आणलं, १९९६ मध्ये ३.०. मग १९९९ मध्ये नाव बदलून टीएलएस १.० झालं, २००६ मध्ये १.१ आणि २००८ मध्ये १.२. त्यानंतरची आवृत्ती म्हणजे १.३. तिचा पहिला मसुदा एप्रिल २०१४ मध्ये आला आणि आरएफसी ८४४६ या नावाने ती छापली गेली ऑगस्ट २०१८ मध्ये. मसुद्यांचे नंबर शून्यापासून सुरू झाले ते थेट अठ्ठावीसपर्यंत गेले. चार वर्षं आणि वर काही महिने!

"एवढा वेळ? आमच्याकडे दोन आठवड्यांत स्प्रिंट संपतो," असं म्हणून हसणारे मला भेटले आहेत. हसू नका मंडळी. माझ्या मते त्या चार वर्षांतलं सगळ्यात मोलाचं काम काढून टाकण्याचं होतं, आणि त्याहून अवघड काम होतं 'एवढं एक राहू द्या' म्हणत दारात उभ्या राहिलेल्यांना नाही म्हणण्याचं. हे 'नाही' ज्यांना आजही आडमुठेपणा वाटतं, त्यांच्याशी आज मला भांडायचंय.

आधी जुनी बिलं बघू.

पहिलं बिल अमेरिकन सरकारच्या नावाचं. नव्वदच्या दशकात तिथल्या निर्यातीच्या नियमांनुसार मजबूत एन्क्रिप्शन देशाबाहेर पाठवायला मनाई होती. म्हणून एसएसएलमध्ये मुद्दाम कमकुवत पर्याय ठेवले गेले: ४० बिटांचं एन्क्रिप्शन आणि ५१२ बिटांची आरएसए किल्ली. २००० साली ते नियम सैल झाले. पर्यायांचं काम संपलं. पण ते काढले कोणी? कोणीच नाही. कुठेतरी एखादा जुना ब्राउझर असेल, राहू दे. मार्च २०१५ मध्ये फ्रीक नावाचा हल्ला जाहीर झाला. मधे बसलेला हल्लेखोर सर्व्हरला सांगतो, "मला निर्यातवाली किल्ली दे." सर्व्हर इमानदारीत देतो. ब्राउझरने ती मागितलेलीच नसते, तरी तो ती निमूटपणे घेतो. ५१२ बिटांची किल्ली तोपर्यंत भाड्याच्या क्लाउडवर काही तासांत फुटत होती. मे २०१५ मध्ये लॉगजॅम आला, तोही निर्यातीच्याच दुसऱ्या एका पर्यायातून. मार्च २०१६ मध्ये ड्राऊन आला, त्याला तर थेट १९९५ चं एसएसएल २.० पुरलं. तुमचा वेब सर्व्हर कितीही नवा असो, तीच किल्ली वापरणारा एखादा जुना मेल सर्व्हर एसएसएल २.० बोलत असेल, तर नव्या सर्व्हरचं संभाषणही फोडता येत होतं. शोधणाऱ्यांच्या मोजणीत तेव्हा एचटीटीपीएस सर्व्हरपैकी ३३ टक्के या जाळ्यात सापडत होते. एकवीस वर्षांपूर्वीची अडगळ, आणि घराचा एक तृतीयांश भाग तिच्यामुळे धोक्यात!

दुसरं बिल मला जास्त बोचतं, कारण यात कुठलं सरकार नाही, सगळे आपल्यासारखे इंजिनिअरच आहेत. टीएलएस १.२ पर्यंत किल्ली ठरवायची एक सोपी पद्धत होती. ब्राउझर एक गुपित तयार करतो, सर्व्हरच्या सर्टिफिकेटमधल्या सार्वजनिक आरएसए किल्लीने ते कुलूपबंद करतो आणि पाठवतो. १९९८ मध्ये डॅनिएल ब्लायकेनबाखर यांनी दाखवून दिलं की, मुद्दाम बिघडवलेले लाखो निरोप पाठवून सर्व्हर कशावर कुरकुरतो आणि कशावर नाही एवढं बघत राहिलं, तरी ते गुपित बाहेर काढता येतं. आता शहाण्या माणसाने काय करावं? पद्धत बदलावी. समितीने काय केलं? पद्धत ठेवली आणि "चूक झाली तरी चेहऱ्यावर दाखवू नका" अशी सूचना जोडली. १.० मध्ये एक सूचना, १.१ मध्ये तिची सुधारणा, १.२ मध्ये आणखी किचकट. डिसेंबर २०१७ मध्ये रोबॉट नावाने तोच हल्ला परत आला. एकोणीस वर्षांनी, जवळजवळ जसाच्या तसा! फेसबुक आणि पेपॅलसुद्धा त्यात सापडले. शोधणाऱ्यांनी तर फेसबुकच्या खासगी किल्लीने एका निरोपावर सही करून दाखवली, किल्ली हातात नसताना.

जो भाग बरोबर लिहिण्यासाठी प्रत्येक प्रोग्रामरला डोळ्यांत तेल घालून सूचनापत्रक वाचावं लागतं, तो भाग चुकीचाच लिहिला जाणार. लोक मूर्ख असतात म्हणून नाही, शुक्रवारी संध्याकाळी रिलीज असतं म्हणून. तेव्हा सूचना वाढवत बसू नका, भाग काढून टाका.

१.३ लिहिणाऱ्यांनी नेमकं हेच केलं. आरएसएने गुपित पाठवणं बंद. आरसी४ बंद, सीबीसी बंद, एमडी५ आणि शा-१ च्या सह्या बंद. डेटा दाबून पाठवणं बंद (२०१२ च्या क्राइम हल्ल्याची आठवण), मधेच पुन्हा हँडशेक करणं बंद. आधीच्या काळात शेकड्यांनी साठलेल्या सायफर सूटच्या जागी या स्टँडर्डमध्ये उरले फक्त पाच. वर बोनस असा, की दोन फेऱ्यांचा हँडशेक एका फेरीवर आला. मुंबईतून अमेरिकेतल्या सर्व्हरशी बोलताना एक फेरी म्हणजे साधारण दोनशे मिलिसेकंद. सुरक्षितता वाढवली की वेग जातो म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा कागदावर मांडावा.

आता मूळ भांडणाकडे येऊ.

आरएसएच्या पद्धतीला आणखी एक मोठा दोष होता. आज तुमचं संभाषण कोणी नुसतं साठवून ठेवलं आणि पाच वर्षांनी सर्व्हरची खासगी किल्ली त्याच्या हाती लागली, तर पाच वर्षांचं सगळं तो निवांत वाचू शकतो. १.३ मध्ये प्रत्येक जोडणीसाठी दोन्ही बाजू ताज्या डिफी-हेलमन किल्ल्या बनवतात आणि काम झालं की फेकून देतात. सर्टिफिकेटची किल्ली उरते फक्त सहीपुरती. ती पुढे चोरीला गेली तरी जुनं बोलणं उघडत नाही. यालाच फॉरवर्ड सिक्रसी म्हणतात. जून २०१३ मध्ये स्नोडेनने कागद बाहेर काढल्यानंतर, 'कोणीतरी सगळं साठवून ठेवतंय' ही भीती केवळ शंकेखोरांची उरली नव्हती. मे २०१४ मध्ये आयईटीएफने आरएफसी ७२५८ मध्ये सरळ लिहून टाकलं की सर्वव्यापी पाळत हा हल्लाच आहे आणि प्रोटोकॉल लिहिताना तो तसाच धरावा.

आरएसएची पद्धत मसुद्यातून काढायचं ठरलं २०१४ मध्येच. सप्टेंबर २०१६ मध्ये, म्हणजे दोन वर्षांनी, अमेरिकेतल्या मोठ्या वित्तसंस्थांच्या संघटनेकडून विनंती आली. थोडक्यात काय, तर एवढं एक राहू द्या हो! कारण असं की, आम्ही आमच्या डेटा सेंटरमध्ये वाहतूक साठवतो आणि खासगी किल्लीने नंतर उघडून बघतो. फसवणूक शोधायला, बिघाड शोधायला, नियामकांना दाखवायला. ही पद्धत गेली तर आम्ही आंधळे होऊ.

ही माणसं खलनायक नव्हती. रात्री तीन वाजता पेमेंट अडकलं आणि आठ सर्व्हरच्या रांगेत नक्की कुठे अडकलं हे कळत नाही, तेव्हा पॅकेट उघडून बघावंसं वाटतंच. मी स्वतः अशा रात्री काढल्या आहेत. पण त्यांची गरज खरी होती, म्हणून त्यांची मागणी बरोबर ठरत नाही.

समजा, सोसायटीतल्या एका माणसाला अधूनमधून आपल्या फ्लॅटमधला नळ दुरुस्त करून घ्यायला वॉचमनकडे किल्ली ठेवावीशी वाटते. खुशाल ठेवावी. त्याचं घर आहे. पण म्हणून बिल्डरने शहरातल्या प्रत्येक दाराला वॉचमनच्या किल्लीने उघडणारं कुलूप बसवावं, ही मागणी वेगळी आहे. डेटा सेंटरच्या आत दोन्ही टोकं त्या बँकेचीच असतात. टोकावर नोंदी ठेवा, तिथून त्या-त्या जोडणीच्या किल्ल्या बाहेर काढा, नाहीतर आत १.२ चालू ठेवा. कोणी हात धरला नव्हता. या सगळ्याला खर्च होता, मान्य. तो खर्च स्वतः करण्याऐवजी जगातल्या प्रत्येक जोडणीची सुरक्षितता थोडी कमी करून मागणं, याला मी गरज म्हणत नाही, आळस म्हणतो.

विनंती फेटाळली गेली. मग ती वेगवेगळे कपडे घालून परत येत राहिली. जुलै २०१७ मध्ये प्रागच्या बैठकीत प्रस्ताव आला की सर्व्हरने डिफी-हेलमनचीच किल्ली न बदलता पुन्हा पुन्हा वापरावी आणि तिची प्रत आतल्या निरीक्षण यंत्राला द्यावी. गंमत म्हणजे, समोरच्या ब्राउझरला यातलं काही कळण्याचा मार्ग नाही. आयईटीएफमध्ये सदस्यत्व नसतं आणि मतदानही नसतं. खोलीतले लोक तोंड मिटून गुणगुणतात, आणि कुठल्या बाजूचा हुंकार मोठा ते अध्यक्ष ऐकतात. (आपल्या सोसायटीच्या सभेत हे करून बघायला हवं :-)) प्रागमध्ये खोली दुभंगली. मग नवा मसुदा आला: ब्राउझरने संमती दिली तरच दार उघडेल. मार्च २०१८ मध्ये लंडनला त्यावरही एकमत झालं नाही आणि तो विषय तिथे संपला.

संमतीवाला प्रस्ताव वरवर किती गोड वाटतो बघा. पण संमती कोण देणार? सोय एकदा स्टँडर्डमध्ये आली, की एखादा देश म्हणणार, संमती नसलेली जोडणी आमच्या सीमेतून जाणार नाही. एखादं हापिस म्हणणार, वायफाय हवं तर हो म्हणा. ज्याच्या हातात तार आहे तो जेव्हा संमती मागतो, तेव्हा ती संमती नसते.

पुढे काय झालं तेही ऐका. ऑक्टोबर २०१८ मध्ये युरोपातल्या एट्सी या मानक संस्थेने हीच न बदलणाऱ्या किल्लीची पद्धत 'ईटीएलएस' नावाने छापली. नावात टीएलएस, आणि आत टीएलएसचं मुख्य वचनच काढलेलं. आयईटीएफने नावाला हरकत घेतली, नाव बदलावं लागलं. आणि २०१९ मध्ये या स्टँडर्डलाच सुरक्षा-दोषाचा अधिकृत सीव्हीई क्रमांक मिळाला, सीव्हीई-२०१९-९१९१. सहसा असे क्रमांक कोडमधल्या चुकांना मिळतात. इथे ठरवून केलेल्या रचनेलाच मिळाला!

"पण हे सगळं प्राग-लंडनचं झालं, आपला काय संबंध?" आहे ना. आपल्याकडे इंटरनेट सेवेच्या परवान्यात परवानगीशिवाय ४० बिटांपर्यंतच एन्क्रिप्शन वापरायची अट होती, आणि त्याच काळात, २००१ मध्ये, रिझर्व्ह बँक बँकांना १२८ बिटांचं एसएसएल वापरायला सांगत होती. सगळ्यांनी सोयीने एकीकडे काणाडोळा केला, म्हणून नेट बँकिंग चाललं. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारच्या राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आला. त्यात एन्क्रिप्ट केलेल्या माहितीची साधी, उघडी प्रत ९० दिवस जपून ठेवायची अपेक्षा होती. म्हणजे तिजोरी घ्या, पण दागिन्यांचा दुसरा सेट बाहेर टेबलावर ठेवा. लोकांनी ओरड केली आणि काही दिवसांतच मसुदा मागे घेतला गेला. कारणं ऐकली तर तीच: तपास, देखरेख, गरज. कपडे वेगळे, मागणी एकच. आणि 'नाही' म्हटल्याशिवाय ती जात नाही हेही तेच.

तिसरी एक जात आहे, ती मागणीही करत नाही. मधल्या डब्यांची. कंपन्या आणि शाळांच्या नेटवर्कमध्ये फायरवॉल, प्रॉक्सी वगैरे जी पेटारी बसवलेली असतात, त्यांनी टीएलएस कसं 'दिसतं' हे पाठ केलेलं असतं. जरा वेगळं दिसलं की जोडणी तोडायची. जुन्या स्टँडर्डमध्ये स्वच्छ लिहिलं होतं की समोरचा नवी आवृत्ती बोलला तर आपल्याला येणारी सगळ्यात वरची आवृत्ती सांगावी. किती जणांनी वाचलं? फेब्रुवारी २०१७ मध्ये क्रोम ५६ ने १.३ चा मसुदा चालू केला आणि काही प्रॉक्सींमागची क्रोमबुकं आपटली. अमेरिकेतल्या शाळांमधून तक्रारी आल्या, गूगलला माघार घ्यावी लागली.

परिणाम काय झाला माहितीये? नोव्हेंबर २०१७ च्या बाविसाव्या मसुद्यापासून टीएलएस १.३ रस्त्यावर १.२ चा वेष घालून फिरतं. आवृत्तीच्या जागी १.२ चाच आकडा. खरी आवृत्ती आत एका वेगळ्या जोडपत्रात. जुन्या सेशनचा खोटा क्रमांक. आणि ज्याचा आता काही उपयोग नाही असा 'सायफर बदला' निरोप, केवळ डब्याचं समाधान व्हावं म्हणून. जगातलं सगळ्यात काळजीपूर्वक लिहिलेलं सुरक्षा-स्टँडर्ड, आणि त्याला चोरासारखं वेष पालटून जावं लागतं, कारण कोणीतरी विकलेल्या पेटाऱ्याचं कोड कोणी अपडेट करत नाही. यात तडजोड झाली आणि ती करावी लागली, हे मला पटतं. पण लक्षात घ्या, तडजोड दिसण्यात झाली, वचनात नाही. हा फरक कळणं म्हणजेच स्टँडर्ड लिहिता येणं.

आणि समिती सगळीकडे ताठ राहिली असंही नाही. 'शून्य फेरी' नावाची एक सोय १.३ मध्ये आहे. ओळखीच्या सर्व्हरला पहिल्याच निरोपात डेटा पाठवता येतो. मोठ्या वेबसाइटवाल्यांना ती हवी होती. तिचा दोष स्टँडर्डमध्येच लिहिलाय: तो पहिला निरोप कोणी पकडून पुन्हा पाठवला, तर सर्व्हर तो पुन्हा खरा मानू शकतो. पान मागवलं असेल तर ठीक, पैसे पाठवले असतील तर? मग परत सूचनापत्रक आलंच: कुठे वापरावं, कुठे वापरू नये. सप्टेंबर २०१८ मध्ये तर एचटीटीपीला 'फार लवकर आलात' असं सांगणारा ४२५ हा नवा कोड द्यावा लागला. ब्लायकेनबाखरच्या सूचनांची गत बघितल्यावर, मला या माळ्यावरच्या नव्या वस्तूची धास्ती वाटते.

उलट एक गोष्ट फार चांगली झाली. आधीच्या आवृत्त्या छापायच्या आणि मग फुटायच्या. यावेळी मसुदे चालू असतानाच संशोधकांना बोलावलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये सॅन डिएगोला 'तयार आहे की नाही' याच प्रश्नावर कार्यशाळा भरली. दहाव्या मसुद्यावर काम करणाऱ्या एका गटाने गणिती पडताळणीच्या टॅमरिन या साधनाने दाखवलं, की पुढे जोडायची म्हणून चर्चेत असलेली, ग्राहकाची ओळख उशिरा पटवण्याची सोय आहे तशी घातली, तर हल्लेखोर दुसऱ्याच्या नावाने आत शिरू शकतो. भोक कागदावर सापडलं, कागदावरच बुजवलं. कोणाचंही खातं रिकामं झालं नाही. चार वर्षं का लागली, याचं उत्तर हे आहे.

आता आपल्याबद्दल. आपण कोणी प्रागला गुणगुणायला जात नाही. पण आपण सगळे रोज छोटी छोटी स्टँडर्डं लिहितो: सर्व्हरची कॉन्फिग, एपीआय, क्लायंटला दिलेली यादी. एका क्लायंटच्या कॉलवर "टीएलएस १.० बंद करू नका, जुनी डिव्हाइसेस आहेत" असा हट्ट तीन महिने चालला होता. शेवटी महिन्याभराचे लॉग काढून बघितले. १.० वापरणारे दोनच निघाले, आणि दोन्ही त्यांच्याच मॉनिटरिंग टीमच्या स्क्रिप्ट होत्या. 'कोणीतरी असेल' हा कोणीतरी बऱ्याचदा असा असतो. १.० आणि १.१ आयईटीएफने मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत काढल्या, तरी त्या चालू ठेवलेले सर्व्हर शोधायला तुम्हाला फार लांब जावं लागणार नाही.

आणि हे भांडण जुनं झालेलं नाही. पुढच्या क्वांटम संगणकांच्या भीतीने आता टीएलएसमध्ये एमएल-केम ही नवी किल्ली-पद्धत येतेय. अमेरिकेच्या निस्टने ऑगस्ट २०२४ मध्ये तिचं स्टँडर्ड काढलं. घाई का? कारण तीच: आज साठवा, उद्या उघडा. तिच्या प्रचलित आकारात नुसती सार्वजनिक किल्लीच ११८४ बाइटची, त्यामुळे ब्राउझरचा पहिला निरोप एका पॅकेटात मावत नाही. एप्रिल २०२४ मध्ये क्रोम १२४ ने तिचं आधीचं रूप चालू केलं आणि काही सर्व्हर जोडणी तोडू लागले, कारण 'पहिला निरोप एकाच पॅकेटात येतो' असं त्यांनी गृहीत धरलेलं. कुठेही लिहिलेलं नसताना! आता परत कोणीतरी म्हणणार, आमच्यासाठी जुनं राहू द्या.

तेव्हा पुढच्या वेळी मीटिंगमध्ये हे वाक्य ऐकाल, तर तीन प्रश्न विचारा. नक्की कोणाला लागतं? कधीपर्यंत? आणि फुटलं तर बिल कोणाच्या नावाने? नावं, तारीख आणि सही मिळाली तर ठेवा, तेवढ्याच मुदतीपुरतं. नाही मिळाली, तर काढून टाका आणि शांत झोपा.

आयईटीएफचे मसुदे फुकट वाचता येतात, आणि हरकत घ्यायला फी नाही, पद लागत नाही, पासपोर्टही लागत नाही. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसून पाठवलेली हरकतही तितकीच मोजली जाते. बँकांचे लोक दोन वर्षं उशिरा पोचले. आपण निदान त्यांच्या आधी पोचू.